संगणकीय परिभाषेची मराठी वाटचाल : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

संगणक आणि अंकीय तंत्रज्ञान यांच्याशी संबंधित संज्ञा मराठीत कशा आल्या, त्यांपैकी कोणत्या रुळल्या आणि कोणत्या केवळ कोशात राहिल्या, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. संगणकाशी नव्याने परिचय होणाऱ्या वाचकाला नित्याच्या संज्ञांचा अर्थ कळावा, हाही लेखाचा एक हेतू आहे. अभ्यासाचे क्षेत्र म्हणून पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका निवडला आहे. माहिती तंत्रज्ञानाची मोठी वसाहत आणि सात-बाराच्या उताऱ्यावर अवलंबून असणारा शेतकरी हे दोन्ही या तालुक्यात शेजारी नांदतात. संज्ञा तिच्या व्याख्येमुळे टिकत नाही. ती ज्या व्यवहाराला जोडली जाते त्या व्यवहारामुळे टिकते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : परिभाषा, संगणक, युनिकोड, सात-बारा, चावडी, मुळशी.

१. प्रस्तावना

पौड हे मुख्यालय असलेल्या मुळशी तालुक्याला दोन तोंडे आहेत. पश्चिमेकडे ताम्हिणीचा घाट, पावसाचे माहेर असलेले डोंगर आणि मुळशी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. पूर्वेकडे हिंजवडी, माण या गावांच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उभारलेली राजीव गांधी इन्फोटेक पार्क ही वसाहत आहे. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘आयटी पार्क’ असेच आहे. जगभरच्या ग्राहकांसाठी आज्ञावल्या तेथे लिहिल्या जातात आणि त्या कामाची भाषा इंग्रजी असते. त्याच तालुक्यातील खातेदाराला मात्र ‘सर्व्हर’, ‘लॉगिन’, ‘ओटीपी’, ‘डिजिटल स्वाक्षरी’ हे शब्द भेटतात ते स्वतःच्या जमिनीच्या कागदावर किंवा त्या कागदासाठी लागलेल्या रांगेत.

हे शब्द न समजल्याने होणारे नुकसान भाषिक स्वरूपाचे नसते. जमिनीच्या नोंदीत बदल होत असल्याची सूचना कोठे प्रसिद्ध झाली, ती कशी पाहावयाची आणि हरकत कशी नोंदवावयाची हे ज्याला कळत नाही, त्याचा हक्क कागदोपत्री शाबूत असूनही व्यवहारात दुबळा होतो. म्हणून संगणकीय परिभाषेचा प्रश्न कोशकारांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने करणे आवश्यक ठरते.

२. परिभाषानिर्मितीची पूर्वपीठिका

परकीय संज्ञांना पर्याय शोधण्याची मराठीची परंपरा जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त राज्यकारभारातील सुमारे १३८० फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. प्रधानमंडळाच्या पदनामांत या प्रयत्नाची छाप दीर्घकाळ राहिली. जमीन आणि महसूल यांच्या व्यवहारात मात्र वेगळे चित्र दिसते. जमीन, महसूल, तहसील, दस्तऐवज, कब्जेदार हे शब्द आजही उताऱ्यावर आणि कचेरीत तसेच आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवघेवीत मुरलेला शब्द राजाज्ञेनेही सहसा हलत नाही, हा या अनुभवाचा पहिला धडा होय.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि तारायंत्र आले तेव्हा मराठीने तीन मार्ग अवलंबिले. पहिला मार्ग उसनवारीचा : ‘टिकेट’चे ‘तिकीट’ झाले आणि ते मराठी विभक्तिप्रत्यय घेऊ लागले. दुसरा मार्ग लोकांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा : आगीवर चालणारी ती ‘आगगाडी’ आणि तारेतून येणारा संदेश ती ‘तार’. तिसरा मार्ग विद्वानांनी संस्कृत धातूंपासून शब्द घडविण्याचा. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने या तिसऱ्या मार्गाला मोठी चालना दिली. महापौर, दिनांक, चित्रपट, दूरध्वनी यांसारखे शब्द त्या काळात प्रचारात आले. त्यांतील ‘महापौर’ आणि ‘चित्रपट’ सर्वमुखी झाले. ‘दूरध्वनी’ लेखी राहिला आणि बोलण्यात ‘फोन’च टिकला.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि परिभाषानिर्मितीला शासकीय अधिष्ठान मिळाले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये संमत झाला. संचालनालयाने पदनामांचे, शासनव्यवहाराचे आणि विविध विद्याशाखांचे कोश सिद्ध केले. मराठी विश्वकोशाच्या निर्मितीतही परिभाषेचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. संगणकाची परिभाषा घडू लागली ती या पार्श्वभूमीवर. वर सांगितलेले तिन्ही मार्ग तिच्यात पुन्हा दिसतात.

३. ‘गणक’ ते ‘संगणक’

‘काँप्युटर’ हा शब्द इंग्रजीतही प्रथम यंत्राचा नव्हता. आकडेमोड करणाऱ्या माणसाला तो लावला जाई. भारतात ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेमध्ये ‘काँप्युटर’ हे पदनाम होते. पुढे एव्हरेस्ट या नावाने प्रसिद्ध झालेल्या शिखराची उंची १८५२ च्या सुमारास गणिताने निश्चित करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते राधानाथ सिकदार याच पदावर कार्यरत होते. मराठीत ‘गणक’ हा शब्दही असाच माणसाचा होता. गणना करणारा, विशेषतः ग्रहगणित करणारा ज्योतिषी, असा त्याचा अर्थ संस्कृतातून आलेला आहे. त्याला ‘सम्’ हा उपसर्ग जोडून ‘संगणक’ हा शब्द सिद्ध झाला. दोन्ही भाषांमध्ये माणसाचे नाव यंत्राकडे गेले, हे साम्य लक्षणीय आहे.

महाराष्ट्राला संगणकाचा परिचय तसा लवकर झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची म्हणजेच ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. समांतर संगणन करणाऱ्या यंत्राच्या इंग्रजी नावातील अक्षरे घेऊन ‘परम’ हे नाव बनले. त्याच वेळी संस्कृतातील ‘श्रेष्ठ’ हा अर्थही त्यातून व्यक्त होतो. एका नावाने दोन भाषांचे काम केल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

‘संगणक’ हा शब्द रुळण्याची कारणे शोधता येतात. तो उच्चाराला सोपा आहे. त्यापासून संगणकीय, संगणकीकरण, संगणकीकृत असे शब्द सहज तयार होतात. मुख्य म्हणजे शाळेचा अभ्यासक्रम, वृत्तपत्रे आणि शासकीय आदेश या तिन्ही ठिकाणी तो एकाच वेळी वापरला गेला. असे भाग्य पुढील फारच थोड्या संज्ञांच्या वाट्याला आले.

४. काही मूलभूत संज्ञा : अर्थ आणि जडणघडण

डिजिटल किंवा अंकीय. ‘डिजिट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘बोट’ या अर्थाचा शब्द आहे. ‘बोटांवर मोजण्याइतके’ हा मराठी वाक्प्रचार नेमकी तीच कल्पना सांगतो. अक्षर, चित्र, आवाज असे काहीही अंकांत मांडून साठविणे आणि पाठविणे म्हणजे अंकीय तंत्रज्ञान. संगणक यासाठी ० आणि १ हे दोनच अंक वापरतो. अशा एका अंकाला ‘बिट’ म्हणतात आणि आठ बिटांचा एक ‘बाइट’ होतो. पाठ्यपुस्तकांनी ‘अंकीय’ हा शब्द स्वीकारला, परंतु लोकव्यवहारात आणि शासनाच्या योजनांमध्ये ‘डिजिटल’ हाच शब्द स्थिरावला.

स्मृती. संगणक ज्या ठिकाणी माहिती धरून ठेवतो ती त्याची स्मृती. काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती वीज गेली की पुसली जाते. कायमच्या साठ्यातील माहिती टिकून राहते. ‘जतन करा’ या आज्ञेचे महत्त्व यावरून ध्यानात येते. मराठीत ‘स्मृती’ म्हणजे आठवण आणि ‘स्मृती’ म्हणजे धर्मशास्त्राचा ग्रंथ; त्यात हा तिसरा अर्थ सहज सामावला गेला. बोलण्यात मात्र ‘मेमरी फुल झाली’ हेच ऐकू येते.

आज्ञावली. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे हे सांगणाऱ्या सूचनांची मालिका म्हणजे आज्ञावली. ‘प्रोग्रॅम’ या इंग्रजी शब्दासाठी ‘कार्यक्रम’ हा प्रचलित शब्द हाताशी होता. पण मराठीत कार्यक्रम म्हणजे समारंभ, म्हणून स्वतंत्र शब्द घडविणे योग्य ठरले. यंत्र स्वतः विचार करीत नाही, दिलेली आज्ञा पाळते, ही मूलभूत गोष्टही या शब्दातून आपोआप कळते.

संचिका. एका नावाखाली एकत्र साठविलेली माहिती म्हणजे ‘फाईल’. या एका वस्तूसाठी मराठीत संचिका, धारिका आणि कार्यालयीन परंपरेतील नस्ती असे तीन शब्द वावरतात. तिघांच्या स्पर्धेत बाजी मारली ती चौथ्या शब्दाने, ‘फाईल’ने. ‘इंटरनेट’च्या बाबतीतही आंतरजाल, महाजाल, महाजालक अशी विभागणी झाली. पर्यायांची विपुलता काही वेळा भाषेला समृद्ध न करता नवशिक्याला गोंधळात टाकते, हे यावरून दिसते.

कळफलक. टंकलेखनयंत्राची ‘कळ’ मराठीला आधीपासून परिचित होती. कळ दाबणे हा वाक्प्रयोगही घरोघरी होता. त्यामुळे ‘कळफलक’ हा शब्द ऐकताच समजतो. याउलट ‘माउस’साठी सुचविलेला ‘मूषक’ हा शब्द गणपतीच्या वाहनापुरताच राहिला.

परवलीचा शब्द. पहाऱ्यावरील शिपायाला आपला माणूस ओळखता यावा म्हणून ठरविलेल्या गुप्त शब्दासाठी मराठीत ही संज्ञा होतीच. ‘पासवर्ड’चे कार्य अगदी तेच असल्याने ती नव्याने घडवावी लागली नाही. परवलीचा शब्द दुसऱ्याला सांगणे म्हणजे गडाचा दरवाजा उघडा टाकणे, हे वेगळे समजावून देण्याची गरज उरत नाही. ‘ओटीपी’ हा एकाच वेळेपुरता चालणारा परवलीचा शब्द होय, असे म्हटले की नवशिक्यालाही तो गुप्त का ठेवावयाचा हे उमगते.

संकेतस्थळ. महाजालावर विशिष्ट पत्त्यावर उपलब्ध असलेल्या पानांचा समूह म्हणजे संकेतस्थळ. संस्कृत काव्यात संकेतस्थान म्हणजे प्रेमिकांनी भेटीसाठी ठरविलेली जागा. आधी ठरलेल्या खुणेवरून गाठावयाची जागा हा मूळ भाव नव्या अर्थातही टिकला आहे.

उतरवून घेणे. दूरच्या संगणकावरील माहिती आपल्या संगणकावर आणणे म्हणजे ‘डाउनलोड’. मराठीत मूळ कागदावरून नक्कल घेणे म्हणजे उतरवून घेणे आणि अशा नकलेला ‘उतारा’ म्हणतात. सात-बाराचा उतारा महाजालावरून उतरवून घेणे या वाक्यात जुना आणि नवा अर्थ एकमेकांना जोडून उभे आहेत. ही संधी परिभाषाकारांनी पुरेशी साधली नाही. शेतकऱ्याच्या जिभेवर असलेले क्रियापद बाजूला राहून ‘डाउनलोड करणे’ हाच प्रयोग रूढ झाला.

५. अक्षरांचा प्रश्न : इस्कीपासून युनिकोडपर्यंत

मराठी शब्द संगणकावर यावयाचा तर आधी मराठी अक्षर यावयास हवे होते. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून दिल्याखेरीज संगणक ते ओळखू शकत नाही. या क्रमांकन पद्धतीला संकेतप्रणाली म्हणता येईल. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केली. युनिकोड या जागतिक प्रणालीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. देवनागरीच्या मूळ विभागाला तेथे १२८ स्थाने मिळाली.

मधल्या काळात मराठी छपाईची गरज खासगी आज्ञावल्यांनी भागविली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ छापखान्यांत आणि कार्यालयांत सर्वत्र पोहोचली. परंतु प्रत्येक उत्पादकाच्या अक्षरवळणांची संकेतयोजना स्वतंत्र होती. एका वळणात टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटे. कागदावर मराठी दिसत होती, पण संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोड हे मानक स्वीकारल्यावर या अराजकाला आळा बसू लागला.

मराठीच्या दृष्टीने एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांचा समावेश झाला. तत्पूर्वी ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र जोडला जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न असतात. एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲप’ हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. ‘कऱ्हाड’सारख्या शब्दातील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षरही दोन पद्धतींनी लिहिता येते. ग्रामनामे आणि आडनावे यांच्या नोंदीत असा फरक पडला तर अस्तित्वात असलेली नोंद शोधात येत नाही. कुलकर्ण्यांच्या वह्यांतील मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचारातून गेली, तेव्हा जुन्या कागदांची वाचकांपासून फारकत झाली होती. संकेतप्रणालीतील बदल हा त्याच जातीचा, परंतु डोळ्यांना न दिसणारा बदल आहे.

६. संगणकसाक्षरता आणि लोकसहभाग

ग्रामीण भागात संगणकीय संज्ञा पोहोचविण्यात दोन प्रयत्नांचा वाटा मोठा आहे. पहिला, २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने तालुक्याच्या गावी आणि बाजारपेठांत या अभ्यासक्रमाची केंद्रे उभी राहिली. मराठी माध्यमाचा पर्याय उपलब्ध असल्याने अनेकांनी संगणकाची पहिली ओळख मराठीतून करून घेतली. प्रत्यक्ष पडद्यावरील आज्ञा मात्र बहुधा इंग्रजीत असत. पुस्तकात ‘जतन करा’ आणि पडद्यावर ‘सेव्ह’ अशी स्थिती असल्यावर विद्यार्थी पडद्यावरचाच शब्द उचलणार, हे स्वाभाविक होते.

दुसरा प्रयत्न १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा. तेथे स्वयंसेवकांनी शासकीय कोशांची वाट न पाहता शब्द योजिले. सदस्यांच्या चर्चेच्या जागेला ‘चावडी’ आणि सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ असे म्हटले गेले. धूळ पसरून तिच्यावर बोटाने अक्षरे गिरविण्याची आणि पुसून पुन्हा लिहिण्याची जुनी रीत ज्याने ऐकली आहे, त्याला धूळपाटीचा उपयोग सांगावा लागत नाही. हे शब्द नव्या धातूंपासून घडविलेले नाहीत. गावगाड्यातील आणि शाळेतील जुन्या व्यवहारांना त्यांनी नव्या कामावर रुजू केले. रोज वापर करणाऱ्यांनीच ते निवडल्याने ते टिकले.

येथेच ‘संपादन’ या शब्दाचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. मजकुरात बदल करणे या अर्थी ‘संपादन’ हा शब्द वृत्तपत्रांतून संगणकावर आला आणि विकिपीडियाने तो रूढ केला. मुळशी तालुक्यात मात्र ‘संपादन’ म्हटले की प्रथम भूसंपादन आठवते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने योजिलेल्या धरणाकरिता मुळशी पेट्यातील जमिनी १८९४ च्या कायद्याखाली घेण्यात आल्या. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि १९२४ पर्यंत चालला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. ‘सेनापती’ ही बापटांची उपाधी याच लढ्यातील आहे. धरण झाले आणि मावळ्यांची शेती पाण्याखाली गेली. पुढे पूर्वेकडील गावांत औद्योगिक विकासासाठीही जमिनी घेतल्या गेल्या. अशा प्रदेशात जमिनीच्या संगणकीय नोंदीवर ‘संपादन’ असा शब्द दिसणे खातेदाराच्या मनात धास्ती निर्माण करू शकते. परिभाषा ठरविताना शब्दाचा कोशगत अर्थ पाहिला जातो. त्या शब्दाने एखाद्या प्रदेशात कोणता इतिहास वाहून आणला आहे, हे क्वचितच पाहिले जाते.

७. सात-बारा आणि संगणक

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ठेवल्या जाणाऱ्या गाव नमुन्यांपैकी नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंद. दोहोंचा एकत्रित उतारा तो सात-बारा. हक्कातील बदल नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंदविला जातो. ही पूर्वी हातांनी लिहिली जाणारी व्यवस्था टप्प्याटप्प्याने संगणकावर आली. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली आणि २००८ पासून तिला राष्ट्रीय आधुनिकीकरण कार्यक्रमाचे रूप मिळाले. महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ ही प्रणाली विकसित झाली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’च्या ॲपद्वारे शेतकरी स्वतः पिकाची नोंद करू लागला.

या स्थित्यंतरात महसुली मराठीने दोन प्रकारे प्रतिसाद दिला. जेथे जुना व्यवहार नव्या यंत्रावर गेला, तेथे जुना शब्द ‘ई’ हे अक्षर लावून कायम राहिला : ई-फेरफार, ई-चावडी, ई-पीक पाहणी. जेथे व्यवहारच नवा होता, तेथे इंग्रजी शब्द जसाच्या तसा आला : सर्व्हर, लॉगिन, ओटीपी. हस्तलिखित आणि संगणकीकृत सात-बारा तंतोतंत जुळविण्यासाठी जी सुविधा देण्यात आली, ती तलाठी कार्यालयात ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ या नावांनीच ओळखली गेली. महसुली मराठीत ‘संपादन’ हा शब्द आधीच भूसंपादनात गुंतलेला होता आणि संहितेच्या कलम १५५ मधील ‘लेखनप्रमादाची दुरुस्ती’ ही संज्ञा वेगळ्या प्रक्रियेसाठी राखलेली होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

याच जुळणीसाठी २०१७ मध्ये राबविलेली ‘चावडी वाचना’ची मोहीम परिभाषेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. संगणकीकृत सात-बारा गावात जाहीरपणे वाचून दाखवावयाचा आणि खातेदारांनी चुका निदर्शनास आणावयाच्या, अशी ही योजना होती. ‘डेटा व्हेरिफिकेशन’ म्हणजे काय हे कोणत्याही व्याख्येने समजले नसते, ते या वाचनाने समजले. संगणकात भरलेली माहिती आपोआप खरी ठरत नाही, ती माणसाने तपासावी लागते, हा संगणकसाक्षरतेचा पहिला नियम त्यातून गावापुढे मांडला गेला.

‘चावडी’ या शब्दाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. संहितेच्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद होताच तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावी आणि हितसंबंधितांना लेखी कळवावे, अशी तरतूद आहे. चावडी ही त्या अर्थाने हक्काच्या रक्षणाची जागा होती. न वाचता येणारा मनुष्यही तेथे बसलेल्या चार जणांना विचारू शकत असे. आता अशा सूचना पाहण्यासाठी ‘आपली चावडी’ हा महाजालावरील सूचनाफलक आहे. पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्या खातेदाराला आपल्या गावचा फेरफार घरबसल्या पाहता येतो, हा त्याचा मोठा लाभ होय. मात्र हा फलक पाहण्यासाठी जिल्हा, तालुका, गाव निवडावे लागते आणि त्यासाठी तो अस्तित्वात आहे हे प्रथम माहीत असावे लागते. शब्द ओळखीचा आहे म्हणून व्यवस्थाही ओळखीची झाली, असे समजणे धोक्याचे ठरते. जुन्या चावडीत कागद माणसांच्या वाटेवर लावलेला असे. नव्या चावडीत माणसाला कागदाची वाट शोधावी लागते.

डिजिटल स्वाक्षरीच्या बाबतीतही हेच घडते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने तिला कायदेशीर मान्यता दिली. ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे छायाचित्र नव्हे. दस्तऐवजातील मजकुरावरून गणिती पद्धतीने काढलेली आणि स्वाक्षरी करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद केलेली ती एक खूण असते. मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी ती जुळत नाही. ‘स्वाक्षरी’ या शब्दामुळे शाईची सही डोळ्यांपुढे येते आणि ती कागदावर न दिसल्याने उताऱ्याच्या खरेपणाविषयी शंका घेतली जाते. शिक्का उमटविल्याचे समाधान नव्या संज्ञेत नाही. त्यामुळे तिचा अर्थ स्पष्ट करून सांगण्याची जबाबदारी अधिक वाढते.

बदल पदनामातही झाला आहे. कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आला आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. नवे नाव कागदोपत्री लागू झाले तरी लोकांच्या बोलण्यात ते किती काळाने उतरेल, हे राज्यव्यवहारकोशापासूनच्या इतिहासावरून ताडता येते.

८. निष्कर्ष

१) संगणकीय परिभाषा मराठीत उसनवारी, जुन्या शब्दांचा अर्थविस्तार आणि संस्कृताधिष्ठित शब्दनिर्मिती या तीन मार्गांनी घडली. अर्थविस्ताराने आलेले परवलीचा शब्द, चावडी, धूळपाटी यांसारखे शब्द स्वतःचे स्पष्टीकरण स्वतःच करतात.

२) घडविलेला शब्द टिकण्यासाठी शाळा, वृत्तपत्र, शासन आणि प्रत्यक्ष पडदा यांवर एकच शब्द दिसणे आवश्यक असते. ‘संगणक’ याच कारणाने रुजला आणि ‘संचिका’ याच अभावी मागे पडली.

३) अक्षरांची संकेतप्रणाली हा परिभाषेचा पाया आहे. ‘ॲ’ आणि ‘ऱ’ यांसारख्या अक्षरांच्या लेखनातील एकवाक्यता अभिलेखांच्या शोधाशी आणि पर्यायाने नागरिकांच्या हक्कांशी निगडित आहे.

४) परिचित शब्दाने नव्या व्यवस्थेची भीती कमी होते, परंतु व्यवस्थेतील बदल झाकलाही जातो. ‘ई-चावडी’ समजावून देताना ती चावडीसारखी कोठे आहे याबरोबर ती चावडीपेक्षा वेगळी कोठे आहे, हेही सांगणे आवश्यक आहे.

५) शब्दांना स्थानिक इतिहास असतो. मुळशीतील ‘संपादन’ हा शब्द त्याची साक्ष देतो.

महाविद्यालयीन स्तरावर संगणकाच्या प्राथमिक संज्ञा सहसा इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या सूचीतून शिकविल्या जातात. त्याऐवजी विद्यार्थ्याच्या घरी असलेला सात-बाराचा उतारा वर्गात आणून त्यावरील प्रत्येक नोंद संगणकात कशी भरली, साठविली, शोधली, प्रमाणित केली आणि उतरवून घेतली जाते, हे दाखविल्यास पंधरा-वीस मूलभूत संज्ञांचा अर्थ एकाच कागदावरून स्पष्ट होऊ शकेल. मराठी, इतिहास, वाणिज्य आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे. त्यातून तयार होणारा विद्यार्थी घरातील वडीलधाऱ्यांना ‘आपली चावडी’ उघडून दाखवील. तसे झाल्यास फेरफाराच्या सूचनेची मुदत केवळ अज्ञानामुळे निघून जाण्याचे प्रसंग कमी होतील.